वरच्या कप्प्यातले उंदीर

थोरली म्हणजे सरांची पहिली विद्यार्थिनी. तिच्यामागून ढीगभर आले, पण नाव तिलाच चिकटलं. आज ती सरांच्या दाराशी उभी होती आणि बेलकडे हात जाईना. दोघांच्या नावाने छापलेला शोधनिबंध मागे घ्यायचा होता, त्यासाठी सरांची सही हवी होती. निवृत्तीआधीचा त्यांचा शेवटचा निबंध! दिवाणखान्यात चौकट करून लावलेला. बोला आता!

निबंधाचं म्हणणं साधं होतं: औषध दिलेले उंदीर शांत राहतात, न दिलेले बिथरतात. पण परवा प्रयोगशाळेतला जुनाट फ्रीज बंद पडला आणि शेजारच्या पिंजऱ्यांच्या मांडणीत खालच्या कप्प्यातले उंदीर औषधाशिवायच गाढ झोपले. थोरली चक्रावली. फ्रीज चालू केला की धावपळ, बंद केला की सामसूम. मांडणीला टेकलेल्या त्या धुडाची थरथर खालीच पोचत होती. आणि निबंधातले औषधवाले उंदीर सगळे वर होते.

शेवटी सरांच्या बायकोनेच, काकूंनी, दार उघडून चहा हातात दिला आणि थोरलीने एका दमात सगळं सांगितलं. सरांचा चेहरा पडला. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बंद केल्यावर लगेच झोपले?" सरांनी हळूच विचारलं.

"हो, सर."

"माद्यासुद्धा?" ते खुर्चीत पुढे सरकले. "अगं, हे भलतंच आहे! पण औषधवाले आपण वर का ठेवले होते?"

थोरलीने कपात नजर घातली. "सोय म्हणून."

"कोणाची?"

उंदरांना रोज औषधाची सुई सरच टोचायचे.

"तुमच्या गुडघ्यांची, दुसऱ्या कोणाची!" आतून काकू ओरडल्या. "वाकता कुठे येत होतं तुम्हाला?"

सरांनी तिने आणलेला, निबंध मागे घ्यायच्या पत्राचा मसुदा ओढून घेतला. कारण लिहिलं होतं: मांडणीतील त्रुटी.

"मला पाठीशी घालतेस होय गं?"

त्यांनी ते खोडलं आणि लिहिलं: 'ज्येष्ठ लेखकाला वाकता येत नसल्याने औषध दिलेले सर्व उंदीर वरच्या कप्प्यात ठेवले गेले.' खाली झोकात सही ठोकली. मग भिंतीवरची चौकट स्वतःच उतरवली.

थोरलीला रडूच फुटलं.

"रडतेस काय वेड्यासारखी? त्या थरथरीने उंदरांचं नेमकं काय होतं, ते शोधायला नको? उद्या येतो मी. या खेपेला कोण वर, कोण खाली ते चिठ्ठ्या टाकून ठरवू. आणि माझ्यासाठी एक बुटकं स्टूल बघून ठेव."