हात न उचलल्याचे सदतीस दिवस

चिंचोका गुळगुळीत होता, एका बाजूला किंचित दबलेला... गंगाधरनं तो बोटांत फिरवला आणि काचेच्या बरणीत टाकला. सदतीस. काल दिवसभर त्याचा हात सुहासिनीवर उठला नव्हता. रोज आंघोळीनंतर आदल्या दिवसाचा एक चिंचोका, हा नियम त्याचाच. आणि नुसता नियम नव्हे. भोर संस्थानच्या दप्तरात बारा वर्षं नकला करून घोटलेल्या अक्षरात त्यानं बायकोला कागद लिहून दिला होता — पुन्हा हात उचलला तर तिनं नसरापूरला भावाकडे निघून जावं, मी अडवणार नाही, आणायलाही येणार नाही. खाली सही. कागद भावाकडे पाठवायचा, हेही त्यानंच ठरवलं. लाज चारचौघांत गेली की हात आवरतो... आणि आवरला होता की! मी बदलतोय. बाबांसारखा नाही होणार मी — दाराआड उभी आई, तोंडात कोंबलेला पदर... नको ते.

तो जेवायला बसला. कचेरीतून घरी आणलेली नक्कल पाटाशेजारीच होती. सुहासिनी आमटी वाढायला वाकली, वाटी कलंडली, पिवळा ओघळ कागदावर पसरला, शाई फुटली — आणि मधलं त्याला काही आठवेचना. फक्त तळव्याची चुणचुण, आणि भिंतीला टेकलेली ती, गालावर हात धरून. पाच वर्षांची मालिनी पानावरून उठून परसात गेली. कुणी न सांगता.

"जा तू," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "लिहून दिलंय मी. दुपारची मोटार मिळेल."

ती फडक्यानं नक्कल टिपत होती. "कुठे जाऊ?"

"भावाकडे. कागद आहे ना त्याच्यापाशी?"

"पाठवलाच नाही मी. त्याच दिवशी चुलीत घातला. वहिनी दोन दिवस ठेवून घेतील, तिसऱ्या दिवशी विचारतील, परत कधी जाणार." मग फडकं पिळत ती हळूच म्हणाली, "सदतीस दिवस... मला इतके जमतील असं वाटलं नव्हतं हो."

तिला?

टोपी घालून तो कचेरीच्या वाटेला लागला. तिला जमले... त्याच्या येण्याच्या वेळी मालिनीला शेजारी धाडलेलं असायचं, धोतराची घडी जागच्या जागी, बोलणं बेताचं, आणि ती चालायची तीही पाय न वाजवता — याला तो घरातली शांतता म्हणत आला होता. शिक्षा म्हणून लिहिली तीही तिलाच. घर सोडायचं तिनं. मी फक्त मोजत होतो.

त्यानं मनाशी पुन्हा शपथ घ्यायला सुरुवात केली, आणि शब्द अर्ध्यावरच विरले. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आलं ते निराळंच — खांद्यांवरून काही उतरल्यासारखं, उद्यापासून जपायला काही उरलं नाही असं सैल, हलकं... आणि त्या हलकेपणात आपल्याला बरं वाटतंय, हे ध्यानात येताच तो रस्त्यातच थांबला. स्वतःला इतकं तो आजवर कधी भ्यायला नव्हता.