आठ चित्रांची धाव

दादाने जुन्या धाटणीचा एक गेम बनवला. त्यात एक अंतराळवीर मुलगी ओसाड अवकाशस्थानकात डावीकडून उजवीकडे पळते आणि यंत्रमानवांवर गोळ्या झाडते. तिचं पळणं माझं आहे. दादाने मला जिन्यापुढच्या बोळात पळवून आठ फोटो काढले आणि त्यांवरून ठिपक्याठिपक्यांची आठ चित्रं केली. उजवा पाय जरा बाहेर फेकायची माझी खोडसुद्धा त्यात उतरली.

दोन महिन्यांनी ट्रकखाली माझे दोन्ही पाय गेले.

जिने कधी कॉम्प्युटरला हात लावला नव्हता, ती आई आता रोज दुपारची जेवणं उरकली की त्याच्यासमोर ठाण मांडते. गोळ्या झाडत नाही. पहिल्या खड्ड्यापर्यंत मुलीला पळवते, काठावरून मागे फिरवते, पुन्हा पळवते. दादा म्हणतो, "पळवू दे गं, तेवढंच समाधान." डोंबलाचं समाधान! मागे चाकांच्या खुर्चीत मी पाणी मागत असते, ते तिला ऐकूही जात नाही.

आज माझं डोकं सणकलं. खुर्ची रेटत गेले, तिचा हात झटकला आणि बाणाचं बटण दाबून धरलं. मुलगी खड्ड्यात कोसळली. आई किंचाळली.

क्षणभरात मुलगी पुन्हा सुरुवातीला उभी राहिली, धडधाकट.

"आई, मी इथे आहे. माझ्याकडे बघ."

"उठली गं! उठली!" पडद्यावरची नजर न हलवता आई म्हणाली. मग तिने स्वतःच मुलीला पळवत नेऊन खड्ड्यात टाकलं आणि ती उठायची वाट बघू लागली.