मास्तरांचा हरवलेला इंच

मी टेप बोलतेय. शिंप्याच्या गळ्यातली, पिवळी, साठ इंचांची. नवी होते तेव्हा माझ्या दोन्ही टोकांना पितळी पट्ट्या होत्या. आता एकच उरली आहे.

माझे मालक, त्यांना सगळे मास्तर म्हणतात. माप देताना माणसं पोट आत ओढून उभी राहतात, याची मला भारी गंमत वाटायची. शिंप्यापासून काय लपवायचं? मास्तर प्रत्येकाला तेच वाक्य ऐकवायचे, "श्वास सोडा. सैल उभे राहा."

मग मास्तरांचे वडील आजारी पडले. ते वाळत गेले आणि मास्तरांनी त्यांच्या पँटची कंबर वर्षात तीनदा आत घेतली. तिन्ही वेळा माप घ्यायला मीच होते.

वडील गेल्यावर महिन्याभराने, दुकान रिकामं असताना, मास्तरांनी मला स्वतःच्या कमरेला लावलं. छत्तीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावलं. पुढे हे दिवसातून दहा-बारा वेळा चालू झालं, तेही श्वास रोखून, मला करकचून ओढून. माझा जीव अगदी मेटाकुटीला यायचा. पावणेछत्तीस झाले, साडेपस्तीस झाले, आणि एक दिवस पस्तीस.

"मीही वडिलांच्याच वाटेने निघालोय," ते बायकोला म्हणाले. दुकानात काजं-बटणं त्याच करतात. गिऱ्हाइकं त्यांना वहिनी म्हणतात.

"अहो, मग डॉक्टरांना दाखवा ना!"

"ते काय सांगणार ते मला ठाऊक आहे. ऐकायला कशाला जायचं?"

खरी गोष्ट मला माहीत होती, पण मी सांगणार कशी?

शेवटी वहिनींनी भर दुपारी दुकानाला कुलूप घातलं आणि त्यांना नेलंच. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, रक्त घेतलं, वजन केलं. "गेल्या वर्षी खोकला दाखवायला आला होतात, तेव्हापेक्षा अर्धा किलो जास्तच आहे," त्या म्हणाल्या.

"मग माझा इंच कुठे गेला?" मास्तरांनी विचारलं.

तो वहिनींनी शोधला. दुकानात परतल्यावर त्यांनी मला लोखंडी गजावर पसरलं. गज छत्तीस इंचांचा; त्याच्या टोकाशी माझा पस्तीसचा आकडा आला. ओढून ओढून मास्तरांनीच मला सैल केलं होतं. गिऱ्हाइकाचं माप मीच घ्यायचे आणि कापडही माझ्यानेच मोजलं जायचं, म्हणून कुणाचा कपडा बिघडला नव्हता. मास्तर आधी हसले, मग मला तोंडाशी धरून रडले.

रिपोर्ट चांगले आले. वाटलं, संपलं एकदाचं. कसचं काय! आठ दिवसांत त्यांचा हात मानेवर कुठलीशी गाठ चाचपू लागला. डॉक्टरीणबाईंनी तीही पाहिली. काळजीचं काही नव्हतं.

"भीती पुन्हा येणार," त्या म्हणाल्या. "आली की लगेच मोजू नका, चाचपू नका. दहा मिनिटं हातातलं काम करा. आणि कंबर महिन्यातून एकदाच, तीही तुम्ही नाही, वहिनींनी मोजायची."

आता मास्तरांच्या गळ्यात नवी टेप आहे आणि मी खुंटीवर. त्यांचा हात मानेकडे निघाला की वहिनी एखादा फ्रॉक पुढे करतात, "आधी तुरपाई." कधी जमतं, कधी नाही. तुमच्याही घरी माझी एखादी बहीण असेल. तिला फार ओढू नका हो. दमली की ती खोटं बोलते.

काल एक तारीख होती. वहिनी नवी टेप घेऊन समोर आल्या. मास्तर डोळे मिटून, छाती भरून ताठ उभे राहिले.

"मास्तर," वहिनी म्हणाल्या. एरवी त्या त्यांना अशी हाक कधीच मारत नाहीत. "श्वास सोडा. सैल उभे राहा."

मास्तरांनी श्वास सोडला. वहिनींनी माप घेतलं आणि टेप गुंडाळून ठेवली. आकडा त्यांनी सांगितला नाही, आणि मास्तरांनीही विचारला नाही.