एका मार्गावर दोन गोट्या

गुरप्पांनी गोटी दोन बोटांत धरली आणि ती खाली ठेवायला साफ नकार दिला.

समोर मोबाईल चित्रीकरण करत होता. त्याच्यामागे त्यांचा मुलगा राजशेखर ओठ दाबून उभा होता. त्याला बोलायची बंदी होती. पुण्याच्या कंपनीने तसे कळवले होते: खेळ कधी न पाहिलेल्या माणसाने फक्त नियमांचे कार्ड वाचून वीस मिनिटांत डाव पुरा करावा, बनवणाऱ्याने चकार शब्द काढू नये, आणि चित्रीकरण आज रविवारी संध्याकाळपर्यंत पोचावे.

खेळ पिनबॉलचा. काचेखालच्या उतरत्या पाटावरून गोटी घरंगळत येते आणि खालच्या फळ्यांनी ती परत वर उडवायची, त्या यंत्राचा. राजशेखरने ते यंत्र पत्त्यांवर उतरवले होते. टेबलावर पत्त्यांचे तीन मार्ग मांडायचे. हातातला पत्ता टाकून गोटी खाली सरकवायची, तळाला आली की फळीचा पत्ता टाकून उडवायची. फळी नसेल तर गोटी गेली. ज्याच्या तीन गोट्या आधी जातील तो हरला. एवढ्यासाठी त्याला चिंचोळीच्या कारखान्यातली नोकरी सोडून आठ महिने झाले होते. आज जमले नाही तर उद्यापासून परत कामावर, असे त्याने बायकोला, धनलक्ष्मीला, कबूल केले होते.

खेळ न पाहिलेला माणूस घरात एकच उरला होता. आठ महिने गुरप्पा त्या टेबलाकडे पाठ करून जेवत आले होते.

"ठेवा की," समोर खेळायला बसलेली दानम्मा नवऱ्याला म्हणाली.

"कुटं ठेवू? त्या लाईनीवर तुझी गोटी उभी हाय."

"असू द्या की. शेजारी ठेवा."

"एका लाईनीवर दोन गाड्या?" गुरप्पांनी एकतीस वर्षे होटगी स्टेशनात रुळांचे सांधे बदलले होते. "कार्डावर लिवलंय का तसं?"

दानम्माने कार्ड उलटसुलट केले. लिहिलेले नव्हते. आजवर सगळ्यांनी गोट्या शेजारी ठेवल्या होत्या. कुणाला प्रश्न पडला नव्हता.

"न्हाय लिवलेलं."

"मग मी न्हाय सोडणार."

"अहो, कागदाचे पत्ते हायत. कुणी मरत न्हाय."

"मरायच्या आदी सगळे असंच म्हणतात."

दानम्माने 'धक्का' लिहिलेला पत्ता टाकला. त्या पत्त्याने सगळ्या गोट्या एक घर खाली येत. ऐन रागात तिने टेबलालाही खरोखरचा धक्का दिला.

"हातातल्या गोटीला लागत न्हाय," गुरप्पा म्हणाले.

वीस मिनिटे झाल्याची घंटी वाजली. गोटी अजून त्यांच्या बोटांतच होती.

"अप्पा!" राजशेखरला कंठ फुटला. "तुमच्यामुळं उद्या मला कारखान्यात जावं लागणार!"

"माज्यामुळं? मी नियमानं चाललो. तुजा नियमच अर्धा हाय."

राजशेखर गॅलरीत गेला, खालच्या रिक्षा मोजत असल्यासारखा उभा राहिला आणि पेन घेऊन परत आला. कार्डाच्या तळाशी लिहीत तो मोठ्याने म्हणाला, "मार्गावर आधीची गोटी असेल तर मागची वरच थांबेल."

"किती येळ?"

"पुढची हलेपर्यंत."

"आन् न्हाईच हलली तर?"

"तर तितंच म्हातारं व्हायचं," दानम्मा म्हणाली.

राजशेखर पेनचे टोपण चावत राहिला. मग त्याने लिहिले: दोन पत्त्यांत पुढची गोटी हलली नाही तर ती गेली.

"म्हंजे माजी गेली?" दानम्माने विचारले.

"बसून राहिलीस तर गेली, अव्वा."

गुरप्पांनी पेन मागून घेतले. कार्डाच्या मागे त्यांनी 'वाचले, समजले' असे लिहून सही केली. नोकरीत नवा हुकूम आला की अशी सही केल्याशिवाय त्यांनी कधी सांध्याला हात लावला नव्हता.

राजशेखर त्या सहीकडे बघत राहिला. "पण आता तुम्हीपण खेळ बघितलात. चार वाजले. नवा माणूस कुठनं आणू?"

गुरप्पांनी चपला घातल्या. अर्ध्या तासात ते एका टकल्या, हसऱ्या म्हाताऱ्याला घेऊन आले.

"हा महिपती. होटगीला दुसऱ्या पाळीला असायचा. ह्यानं जल्मात एक नियम नीट वाचला न्हाय. ह्याला कळला तर कुणालाबी कळंल."

"चहाला चल म्हणलास की लेका!"

"डाव झाल्यावर."

मोबाईल पुन्हा चालू झाला. "मी हितं राहिलो तर तोंडातनं निघंल," असे म्हणून गुरप्पा जिन्यात गेले आणि त्यांनी मागे दार ओढून घेतले.

महिपती कार्ड न वाचताच खेळू लागला. दोन गोट्या घालवल्यावर त्याने कार्ड घेतले, बोट फिरवत वाचले आणि मान डोलावली. दानम्माच्याही दोन गेल्या होत्या. मग त्याला नातवाचे लग्न आठवले. जेवणाचे वर्णन करत तो दुसऱ्याच मार्गांवर पत्ते टाकू लागला. मधल्या मार्गावर त्याची गोटी तशीच बसून होती. तिच्या वर दानम्माची गोटी थांबली होती.

पहिला पत्ता झाला. दुसरा झाला.

महिपती बोलता बोलता थांबला. त्याने पुन्हा कार्ड उचलले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवले.

"आयला. गेली की." त्याने आपल्या हाताने गोटी उचलून बाजूला ठेवली.

सोळा मिनिटे झाली होती. राजशेखरने चित्रीकरण बंद केले आणि ते पुण्याला पाठवायला घेतले.

"संपला का?" दाराबाहेरून आवाज आला.

"संपला," दानम्मा ओरडली.

"कोण हरलं?"

"तुमचा दोस्त!"

गुरप्पांनी दार ढकलून आत डोके घातले.

"मग नियम बरूबर हाय."