तीन नंबरचे दोन ठोके

"अजून मागं न्या, मॅडम," सत्यभामाबाई म्हणाल्या, आणि बोलून गेल्यावर त्यांना वाटलं, गप्प राहिले असते तर बरं झालं असतं.

"मॅडम काहून म्हणता, काकू? विनता म्हणा. घरी आई मराठीच बोलते, मैं ही अटकती हूँ." रिपोर्ट लिहायला मुख्य कचेरीतून आलेल्या विनताने पडद्यावरची पट्टी माऊसने धरून ओढली. मंगळवार, सोमवार, रविवार असे दिवस भराभर उलटे सरकत गेले. पट्टीवर ठिपके होते. हिरवा म्हणजे सगळं ठीक, पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, लाल म्हणजे पंप थांबवा. ठिपक्यावर टिचकी मारली की चौकट उघडायची. किती वाजले होते, बेअरिंग किती तापलं होतं, घंटा कोणी बंद केली, सगळं तिच्यात. ठिपक्यांच्या खाली एक बारीक रेघ धावत होती. ती पंपाच्या थरथरीची.

विनता बारा दिवसांपूर्वीच्या गुरुवारावर थांबली.

नर्मदेच्या काठचं ते पंपघर म्हणजे जमिनीत खोल गेलेली गोल विहीरच. वर काचेची खोली, आणि बासष्ट पायऱ्या उतरलं की तळाशी चार पंप. खाली आवाज एवढा की माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. म्हणून इशाऱ्याची घंटा वाजायची ती फक्त वर. वरच्याने घंटा बंद करायची आणि लगेच खाली फोन लावायचा. फोनवरचा लाल दिवा लुकलुकला की खालचा माणूस पंप थांबवणार. काम एवढंच. नवरा गेल्यावर त्याच्या जागेवर सत्यभामाबाईंना घेतलं होतं, आणि चौदा वर्षं त्या हेच काम करत होत्या.

त्या गुरुवारी दुपारी बाराला तीन नंबरच्या पंपाचा मोटारीशी असलेला जोड तुटला. उडालेला तुकडा खाली पाळीवर असलेल्या मोतीरामला लागला. दवाखान्यापर्यंतसुद्धा तो पोचला नाही.

"हे बघा," विनताने लाल ठिपका उघडला. "ग्यारह उनचास को घंटा. चाळीस सेकंदांनी बंद केली. कोड मोतीरामजींचा. मग अकरा मिनिटं कुछ भी नहीं, आणि बाराला जोड तुटला. साहेबांनी रिपोर्टचं पहिलं वाक्य सांगूनच पाठवलं आहे, की त्यांनी स्वतः घंटा बंद केली आणि स्वतःच चालत्या पंपापाशी गेले. एक वाजेपर्यंत पाठवायचा आहे."

"मग त्याच्या बायकोला, कुसुमबाईला, त्याची जागा?"

"स्वतःच्या चुकीनं गेला असं लिहिलं तर कशी मिळेल, काकू?"

सत्यभामाबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. मोतीरामचा कोड या खोलीत सगळ्यांनाच पाठ होता. गेल्या वर्षी कंप्युटर बसला तेव्हा पहिला कोड त्यालाच मिळाला. बाई पडद्याला हात लावायला भीत होत्या, म्हणून त्याने तो चिठ्ठीवर लिहून पडद्याच्या मागे चिकटवला होता. "माझाच टाकत जा, बाई. आपल्यात काय माझं-तुझं?"

"आणि हे काय?" विनताने पट्टी ताणून मोठी केली. एका मिनिटाची रेघ आता पडदाभर लांब झाली. तिच्यावर दोन काटे उभे होते, शेजारी शेजारी.

सत्यभामाबाईंना ते सांगावं लागलं नसतं. फेरी मारताना मोतीराम पान्याने तीन नंबरच्या अंगावर दोनदा ठोकायचा. काचेतून त्यांना ते रोज दिसायचं. चहाला वर आला की त्या त्याला छेडायच्या.

"मोतीरामजी, झोपलेलं पोर आहे का ते, ठोकून उठवायला?"

"दार वाजवून आत जावं, बाई. मशीन झालं म्हणून काय झालं? मी त्याला जय भीम घालून राहिलो."

"आणि त्यानं उलटून काही केलं तर?"

"तर तुमचा फोन येईल ना. या डब्यावर भरोसा नाही आपला, तुमच्यावर आहे."

"मोतीरामची सवय होती ती," सत्यभामाबाई म्हणाल्या. "दोन ठोके मारायचा."

विनताने वेळ वाचली. अकरा एकोणपन्नास आणि पन्नास सेकंद. तिने मान वर केली. "पण घंटा तर दहाच सेकंद आधी बंद झाली, इथं वर. दहा सेकंदांत बासष्ट पायऱ्या? एक आदमी दो जगह कसा?"

आता ही आपल्याकडे बघणार, असं वाटून सत्यभामाबाईंनी डोळे मिटले.

पण विनता पडद्याकडेच बघत होती. तिने पट्टी पुढे ओढली, शुक्रवारवर. पुन्हा पुढे, शनिवारवर. "काकू, पंप कधीपासून बंद आहे?"

"त्या दिवसापासूनच. वीज तोडली, जाळीला कुलूप घातलं. सील आहे त्याच्यावर."

"सेन्सर बॅटरीवर चालतो, तो सुरू असेल. पण हे बघा ना."

शुक्रवारी अकरा एकोणपन्नासला सपाट रेघेवर दोन काटे होते. पुढच्या मिनिटाला पुन्हा दोन. मग पुन्हा दोन. बारा वाजेपर्यंत दर मिनिटाला दोन, आणि मग सपाट रेघ. शनिवारी तसंच. रविवारी सुट्टी असूनही तसंच. विनता एकेक दिवस उघडत गेली आणि प्रत्येक दिवसात ते काटे जागच्या जागी उभे होते, कोणीतरी बंद दारापाशी उभं राहून, न चिडता, थांबून थांबून वाजवत असल्यासारखे.

विनताने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. अकरा अठ्ठेचाळीस झाले होते.

तिने पट्टी पार शेवटाला नेली. पट्टीचं उजवं टोक म्हणजे आत्ताचा क्षण. रेघ तिथे थेंबाथेंबाने पुढे येत होती. काचेतून खाली जाळी दिसत होती, जाळीचं कुलूप, कुलपावरची लाखेची मोहर, आणि आत धूळ बसलेला तीन नंबर. त्याच्याजवळ कोणी नव्हतं. बाकीचे तीन पंप घुमत होते.

रेघ थरारली. एक काटा. दुसरा.

विनताने माऊसवरचा हात उचलला. सत्यभामाबाईंचे ओठ नामस्मरणाला हलले, पण नाव तोंडात येईना. पुढच्या मिनिटाला पुन्हा दोन. त्याच्या पुढच्या मिनिटाला पुन्हा.

"तिलवाऱ्याच्या पुलावरून ट्रक जातात," विनता हळूच म्हणाली. "या फिर सेन्सर ढिला झाला असेल."

"रोज त्याच मिनिटाला?"

विनताने पडद्याच्या कोपऱ्यातली एक खूण दाबली. "नॉइज आहे, फालतू थरथर. फिल्टर लावून टाकते." आणि सगळ्या पट्टीवरचे काटे एकदम गेले. रेघ धुऊन काढल्यासारखी स्वच्छ झाली.

"त्या गुरुवारचेही गेले?"

"ते पण गेले. एक जैसे ही हैं ना. बारा दिवस तिथं कोणी नाही, तरी काटे येऊन राहिले. मग त्या दिवशीच्या काट्यांनी तरी काय साबित होणार? मी लिहिलं तर साहेब हसतील मला. कोड मोतीरामजींचा आहे, बस."

सत्यभामाबाई स्वच्छ रेघेकडे बघत राहिल्या. मोतीराम त्या वेळी खाली होता याची एवढी एकच साक्ष होती, आणि त्याने मेल्यावर ठोकून ठोकून ती स्वतःच पुसून टाकली होती. साक्षीसाठी तो ठोकत नव्हताच. दार जिनं उघडायचं होतं, तिच्यासाठीच ठोकत होता.

त्या गुरुवारी त्यांचं व्रत होतं. सहा ते दोनची पाळी असली की पोथीचा अध्याय इथेच, कोपऱ्यात, धुतलेल्या वस्त्रावर. बाराच्या आत पुरा करायचा आणि मध्ये सोडायचा नाही. अर्धवट सोडलेला अध्याय घराला लागतो, असं सासूने बजावलेलं. घंटा वाजली तेव्हा चार पानं उरली होती. घंटा तर आठवड्यातून दोनदा वाजायचीच, आणि बहुतेकदा काही नसायचं. त्या उठल्या. वाचनात खंड नको म्हणून पुढच्या ओव्या पुटपुटतच त्यांनी कोड टाकला, घंटा बंद केली आणि परत आसनावर बसल्या. अध्याय झाला की फोन लावू. शेवटची ओवी म्हणून त्यांनी पोथीवर डोकं टेकवलं, तेव्हा खालून तो आवाज आला.

चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं होतं, "आप उस वक्त कहाँ थीं?" पोथी वाचत होते, असं त्या म्हणाल्या. ते खोटं नव्हतं. साहेबांनी हात जोडले, आणि पुढे काही विचारलंच नाही.

"विनता," त्यांनी पहिल्यांदा तिला नावाने हाक मारली. "त्या लाल ठिपक्यात लिहायला जागा असते ना?"

"शेरा लिहिता येतो. काहून?"

"लिही. घंटा सत्यभामा पिंपळेनं बंद केली. मोतीरामचा कोड वापरून."

विनताची बोटं हलली नाहीत. "काकू, सोच लो. एकदा लिहिलं की पट्टीतून निघत नाही. नोकरी जाईल तुमची."

"लिही. खाली फोन केला नाही. अकरा मिनिटं."

"कारण काय लिहू?"

देवाचं नाव पुढे केलं असतं तर अजूनही कोणी हात जोडले असते. "कारण नको लिहू," सत्यभामाबाई म्हणाल्या. "केला नाही, एवढंच लिही."

विनताने लिहिलं. ठिपक्याच्या कडेला एक लहानशी निळी चौकट उमटली.

दोन वाजता पाळी सुटल्यावर त्या घरी गेल्या नाहीत. ऑटो करून गोहलपूरला उतरल्या. वर्कशॉपांच्या मागच्या गल्लीत कुसुमबाईचं घर होतं. मोतीराम गेला त्या दिवशी त्या इथे आल्या होत्या, चारचौघींत बसून रडल्याही होत्या. आज पायरीशीच उभ्या राहून त्यांनी सगळं सांगितलं, पडद्यामागच्या चिठ्ठीपासून शेवटच्या ओवीपर्यंत. रस्त्यावरून कोणी लोखंडी पत्रा ओढत नेला, तेव्हा तेवढं थांबल्या आणि पुन्हा बोलल्या.

कुसुमबाई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. मध्ये तिने एकच विचारलं.

"ते वाट पाहून राहिले होते का फोनची?"

"हो."

कुसुमबाईने मान हलवली. मग ती आत वळली आणि तिने दाराचा एक पल्ला लावला. दुसऱ्यावर तिचा हात काही वेळ तसाच राहिला. तो न लावताच ती आत गेली.

सत्यभामाबाई तिथेच, पायरीवर, खाली बसल्या.