मागच्या चाकाचा टायर

भादवा सरता सरता फटफटीचा मागचा टायर पार गुळगुळीत झाला. देवजी भोयेने दवाखान्याच्या ओट्यावर बसून चाकावरून हात फिरवला, तेव्हा एका जागी रबराखालचं कापड बोटाला लागलं. तो तसाच जमुनाबाईंकडे गेला.

"बाई, आता नाशिक गाठावं लागतंय. हा टायर अजून एक फेरी सोसणार नाही."

जमुनाबाई जव्हार संस्थानच्या दवाखान्यातल्या सुईणबाई. गाव नाशिककडचं, वय पंचेचाळिशीच्या पुढचं, बोलणं मोजकं. आसपासच्या पाड्यांवर कुणी बाळंतीण अडली की त्यांना बोलावणं यायचं. दरबाराने त्यांच्यासाठी ही फटफटी दिली होती. तिच्या डाव्या अंगाला एक चाक आणि बसायचा डबा जोडलेला होता. देवजी मुंबईला एका गॅरेजात राहून गाडी शिकलेला, म्हणून चालवायला तो. डब्यात बाई आणि त्यांची औषधांची पेटी.

"कोणता आणशील?" बाईंनी विचारलं.

"धरणारा. खोल नक्षीचा."

"नको. टिकणारा आण."

बाई असं का म्हणतात ते देवजीला ठाऊक होतं. गेल्या साली मोखाड्याच्या वाटेवर टायर फाटला आणि दुसरा येईपर्यंत फटफटी दवाखान्यात पडून राहिली. त्याच दिवसांत फागी नावाच्या पोरीला कळा सुरू झाल्या. बाई डोंगर तुडवत चालत गेल्या. पोचल्या तेव्हा मूल गेलं होतं, फागी तेवढी जगली. त्या दिवसापासून गाडी बंद पडली की त्यांचं जेवणात लक्ष लागत नसे.

पण देवजीच्या डोळ्यांपुढे दुसरंच होतं. याच श्रावणात उतारावर फटफटी घसरली आणि डब्याचं चाक दरीच्या काठावर जाऊन थांबलं. बाई पेटी छातीशी धरून बसल्या होत्या. खाली काय आहे ते त्यांनी पाहिलं नसावं. देवजीने पाहिलं होतं.

एका भाताच्या गाडीबरोबर तो मोखाड्यापर्यंत गेला, आणि तिथून मिळेल त्या मोटारीने नाशिकला. टायरच्या दुकानात रुस्तमशेट म्हणून एक म्हातारे पारशी बसायचे. त्यांनी दोन टायर काढून पुढ्यात ठेवले.

"नख मारून बघ," ते म्हणाले.

पहिल्यात नख रुतलं. दुसऱ्यावर नुसती रेघ उमटली.

"पहिलो मऊ छे. ओल्या दगडाला चिकटून चालेल, पण लवकर झिजेल. दुसरो कडक. वरसभर पाहायला नको, पण चिखलात त्याचा भरवसा धरू नको."

"दोन्ही गुण असलेला नाही का, शेट?"

रुस्तमशेट हसले, पण टर उडवल्यासारखे नाही. "असता तर मी तोच एक विकला असता, दीकरा. गाडीत कोण बसतं?"

"आमच्या सुईणबाई."

"मग तूच ठरव. मी तुझा रस्ता पाहिलेला नाही."

देवजी बराच वेळ दोन्ही टायर पुढ्यात घेऊन बसला. कडक टायरवर त्याने हातही ठेवला होता, कारण बाईंचा शब्द मोडायची त्याला सवय नव्हती. पण पाऊस अजून महिनाभर जायचा नव्हता, आणि तो दरीचा काठ काही डोळ्यांपुढून हलत नव्हता. त्याने मऊ टायर उचलला.

जव्हारला आल्यावर बाईंनी अंगठ्याने रबर दाबून पाहिलं.

"मऊच आणलास."

"हो बाई."

टायर तसाच सोडून त्या आत निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र देवजी टायर चढवत होता तिथे येऊन उभ्या राहिल्या. "आता हा टिकवायचा कसा, ते बघू," म्हणाल्या.

तेव्हापासून दोघांनी टायर जपायला घेतला. खडकाळ चढ आला की बाई खाली उतरायच्या आणि पदर खोचून चालायच्या. देवजी वेग कमी ठेवायचा, एकदम ब्रेक दाबायचा नाही, मुरमाची कड सोडून मातीच्या अंगाने गाडी घ्यायचा.

आश्विनात एका दुपारी पाऊस दाटून आला. मोखाड्याच्या अलीकडच्या एका पाड्यावरून पांड्या धावत आला. त्याची बायको सुकरी सकाळपासून अडली होती.

"बाय, चला. तिला आता ओरडायचंबी बळ नाय," तो म्हणाला.

पांड्या देवजीच्या मागे बसला. उतार आला तेव्हा वाटेवरून लाल पाणी वाहत होतं. बाई उतरायला लागल्या.

"बसून रहा बाई," देवजी म्हणाला. "डबा रिकामा झाला तर गाडी हलकी पडून उडेल. आणि चालायला वेळ कुठे आहे?"

बाई बसल्या. देवजीने गाडी उतारावर घातली. पुढचं चाक एकदा दगडावरून सटकलं. मागचं चाक थोडं घसरलं, मग त्याने जमीन धरली. पांड्याची बोटं देवजीच्या खांद्यात रुतली होती. दरीचा काठ बाजूने गेला आणि मागे राहिला.

मूल पायाळू होतं. दिवे लागायच्या सुमाराला आतून रडणं ऐकू आलं. बाहेर बसलेल्या पांड्याने गुडघ्यांत डोकं घातलं. जरा वेळाने बाई दारात आल्या. "मुलगी आहे. दोघी बऱ्या आहेत," म्हणाल्या, आणि देवजीकडे पाणी मागितलं.

टायर मात्र रुस्तमशेट म्हणाले होते तसाच झिजला. पाऊस गेल्यावर कोरड्या दगडांनी त्याला खाल्लं, आणि होळीच्या आधीच कापड पुन्हा दिसायला लागलं. नाशिकला नवा, कडक टायर सांगून ठेवला होता, तो येईपर्यंत फटफटी उभी राहिली. तेवढ्यात जामसरहून बोलावणं आलं. देवजीने पेटी खांद्यावर घेतली, आणि दोघं पायी निघाली.

चालता चालता देवजी खाली मान घालून म्हणाला, "कडक आणला असता तर आज गाडी असती."

"असती."

"तुम्ही सांगितलं होतं."

बाई थांबल्या. "देवजी, त्या आश्विनातल्या उतारावर मी डोळे मिटून घेतले होते. सबंध उतार. टायर कडक असता तर ते पुन्हा उघडायला मिळाले नसते."

"मलाही मिटायचे होते, बाई. पण पांड्याने खांदा सोडला नाही."

बाईंना हसू आलं. त्या पुढे चालायला लागल्या.

"उन्हाळ्यापुरता कडक सांगितलास, ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "पावसाच्या तोंडावर पुन्हा मऊ आणू. कडक तेव्हा काढून ठेवू, पुढच्या उन्हाळ्याला होईल. आता जरा पाय उचल. पहिलटकरीण आहे ती, घाबरली असेल."

देवजीने पेटी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पाऊल लांब टाकलं.