पंचमीला न कापलेली वायर

नाथाजीची अख्खी नोकरी लष्करातल्या गाड्यांच्या वायरी जोडण्यात गेली, पण थोरल्या बहिणीपुढं त्याचं लष्कर चालत नसे. मनुबाईनं नको म्हटलं की नको. बॅटरीवरची स्कूटर घ्यायला मात्र त्यानंच तिला भाग पाडलं. पन्नाशी उलटल्यावर बाई स्कूटर शिकली, दोनदा उसात शिरली, आणि मग माहेरी यायला तिला कुणाची मिनतवारी करावी लागेना.

त्या नागपंचमीलाही ती स्कूटरवरूनच शिराळ्याजवळच्या माहेरी आली. आदल्या दिवशी तिचा भावाचा उपास झाला होता. नाथाजीला उदंड आयुष्य मिळावं म्हणून परकरात होती तेव्हापासून ती तो धरत होती. संध्याकाळी म्हशीच्या धारांना परतायचं, आणि स्कूटरची बॅटरी तर पार उतरलेली. चार्जर काढला, तर त्याची वायर उंदरांनी मधेच कुरतडलेली. आतलं तांबं दिसत होतं.

नाथाजीनं पकड आणली. खराब तुकडा कापायचा आणि नवा सांधा मारायचा, घटकाभराचं काम. पण पंचमीला कापायचं नाही, चिरायचं नाही, तवा चढवायचा नाही. घरात भाजीसुद्धा चिरली नव्हती, पुरणाची दिंडं उकडली होती. मनुबाईनं त्याचा हात धरला.

"आज काय बी कापायचं न्हाई, नाथा. माझा उपास वाया जाईल."

"आक्का, वायर हाय ती. नाग न्हवं."

"असू दे. टेप गुंडाळ. उद्या घेती मी कापून."

सगळं कळत असूनही बहिणीचं मन मोडणं त्याच्या जिवावर आलं. घरात होता तो टेप जुना, चिकटपणा गेलेला. तोच गुंडाळून त्यानं वर प्लास्टिकची पिशवी बांधली, वायरीजवळ कुणी फिरकायचं नाही म्हणून बजावलं आणि स्कूटर पडवीच्या कडेला चार्जिंगला लावली. हे काय बरं न्हवं, असं तो पुटपुटला. मनुबाईनं ते ऐकलं आणि सोडून दिलं.

दुपारी अंगणात बायकांचा फेर रंगात आला असताना श्रावणसर आली. बायका हसत पडवीकडं पळाल्या. त्या गडबडीत नाथाजीच्या लेकीचं, सृष्टीचं, रांगतं पोर वायरीपाशी पोचलं. पिशवी सुटली होती. "बटण बंद कर," असं सृष्टीला ओरडून सांगत नाथाजी अनवाणीच चिखलातून धावला. त्यानं पोर उचलून बायकांच्या हातात दिलं, आणि वळताना पाय घसरून त्याचा हात त्या टेपावर पडला. सृष्टीनं बटण बंद केलं तेव्हा उशीर झाला होता.

मनुबाईला कुणी बोल लावला नाही. उलट सृष्टीच तिला जवळ घेऊन म्हणाली की आत्या, तुमचा काय दोष. शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं मनुबाईला वाटलं. भावाच्या हातात पकड होती आणि तो हात तिनं धरला होता. वर्षभर तिला धड रडताही आलं नाही.

पुढची पंचमी आली ती नाथाजीचं वर्षश्राद्ध घेऊन. मनुबाईनं आदल्या दिवशी उपास धरलाच. कुणासाठी, ते विचारायची कुणाची छाती झाली नाही.

श्राद्धाच्या दिवशी पाण्याच्या मोटारीची वायर हौदाजवळ सोललेली सृष्टीला दिसली. आज पंचमी, उद्या वायरमनला बोलवू, तोवर टेप लावते, असं म्हणून ती टेप शोधायला लागली.

मनुबाई उठली. तिनं मोटारीची पिन काढली, निघाली का ते दोनदा बघून घेतलं. कोनाड्यातली नाथाजीची पकड घेतली आणि सोललेला तुकडा कापून टाकला. बसलेल्या बायकांतली एक म्हातारी हळूच म्हणाली, आजच्या दिवशी पाप केलंस गं.

"सांधा वायरमन मारंल," मनुबाई सृष्टीला म्हणाली. "तवर पिन लावायची न्हाई."

मग ती हौदापाशीच खाली बसली. पकड हातातून सुटेना.

"एवढंच काम हुतं, नाथा," ती म्हणाली, आणि वर्षभर अडलेलं रडू मोठ्यानं बाहेर पडलं.